बाजारपेठेतला रस्ता नव्याने बांधताना: आधी उंबरा मोजा, मग निधी मागा

बरीच वर्षं झाली. तालुक्याच्या एका गावात मेन रोडवर काँक्रीटचा नवाकोरा रस्ता झाला होता. मी तेव्हा नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात नोकरीला होतो. जूनच्या दुसऱ्याच मोठ्या पावसात एका कापडवाल्या काकांनी मला दुकानात बोलावलं. आत घोटाभर पाणी होतं आणि खालच्या फळीवरचे साड्यांचे गठ्ठे भिजले होते. मला वाटलं, आता हे चिडणार. ते एवढंच म्हणाले, "साहेब, वडिलांच्या वेळी दुकानात यायला तीन पायऱ्या चढाव्या लागायच्या."

मी बाहेर येऊन पायऱ्या शोधल्या. त्या रस्त्याच्या पोटात गेल्या होत्या. दर चार-पाच वर्षांनी डांबराचा एक थर, त्यावर आणखी एक, आणि शेवटी त्या सगळ्यावर काँक्रीट. प्रत्येक वेळी अंदाजपत्रक बरोबर होतं, मोजमाप पुस्तिका बरोबर होती, बिलंही वेळेवर निघाली होती. उंबरा मात्र कोणीच मोजला नव्हता.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सांगत आलोय. बाजारपेठेतला रस्ता जमिनीखालून वर बांधायचा असतो, आणि त्याचा पैसाही त्याच क्रमाने उभा करायचा असतो. आधी पाणी, गटार आणि केबल, मग रस्ता, मग फुटपाथ, दिवे, झाडं. आपल्याकडे बहुतेक वेळा रस्त्याचा निधी आधी येतो आणि खालच्या कामांचा दोन वर्षांनी. आधी कळस मग पाया. मग नवा रस्ता जलवाहिनीसाठी फुटतो आणि लोक नगरपरिषदेच्या नावाने खडे फोडतात. हा लेख नगरसेवकांसाठी आहे, नव्या मुख्याधिकाऱ्यांसाठी आणि तरुण अभियंत्यांसाठी आहे, आणि व्यापारी संघातल्या त्या दोन-चार लोकांसाठीही आहे जे फाईल वाचायची तयारी ठेवतात.

पायरी १: रस्ता कोणाचा, ते कागदावर पाहा

गावातला मुख्य रस्ता नगरपरिषदेचाच असेल असं धरून चालू नका. अनेक गावांत तो राज्यमार्गाचा किंवा जुन्या राष्ट्रीय महामार्गाचा तुकडा असतो. बाह्यवळण झालेलं असतं, पण गावातला भाग कागदोपत्री सार्वजनिक बांधकाम विभागाकडेच राहिलेला असतो. अशा रस्त्याला तुमच्या नावावर निधी मिळत नाही. आधी हस्तांतरणाचा आदेश किंवा निदान ना-हरकत पत्र लागतं. ते पत्र यायला सहा महिनेही जातात, म्हणून पहिला अर्ज तोच करा.

दुसरा कागद विकास आराखड्याचा. आराखड्यात रस्ता १५ मीटर असतो आणि जागेवर कुठे १२, कुठे ९. नगर भूमापन कार्यालयातून मोजणी करून घ्या, मालमत्ता पत्रकं काढा. रुंदीकरण खरंच हवं असेल तर मार्ग आहेत. जागामालकाला हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर देता येतो; दुसरीकडे जादा बांधकाम करायचा हा हक्क त्याला विकता येतो. डिसेंबर २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीच्या गावठाण भागासाठी टीडीआरचं प्रमाण मोकळ्या भागापेक्षा जास्त ठेवलं आहे. नाहीतर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने रोख मोबदला, ज्यात जमिनीच्या किमतीवर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. छोट्या परिषदेला रोख मोबदला झेपत नाही, आणि गावात बांधकामाचा बाजार गरम नसेल तर टीडीआर विकत घ्यायला कोणी येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या रस्त्याला रुंदीकरणाची वाट पाहावी लागते, तो रस्ता होत नाही. आहे त्या रुंदीत चांगला रस्ता करा. जी घरं पुढे पुनर्बांधणीला येतील ती परवानगीच्या वेळी आपोआप मागे सरकतील.

पायरी २: भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा

सर्वेक्षण करणारी संस्था डांबराची कड मोजून नकाशा देते. तो परत पाठवा. बाजारपेठेत नकाशा भिंत ते भिंत हवा. त्यावर प्रत्येक दुकानाचा उंबरा, ओटा, पायरी, प्रत्येक विजेचा खांब, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), झाड, नळजोडणी, गटाराचं झाकण आणि जाहिरात फलकाचा पाय दिसला पाहिजे. दर दहा मीटरला आडवा छेद घ्या आणि प्रत्येक छेदावर दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांची पातळी लिहून घ्या.

मग चाचणी खड्डे. सहाशे मीटरच्या रस्त्याला किमान सहा-सात, रस्त्याच्या आडव्या दिशेने, हाताने खोदलेले. जेसीबी लावू नका, तो माहिती मिळायच्या आधीच जलवाहिनी फोडतो. असा एक खड्डा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. वर डांबराचे तीन थर, त्याखाली खडीकरण, त्याखाली काळ्या दगडाची जुनी फरसबंदी. फरसबंदीच्या शेजारून गेलेली ॲस्बेस्टॉस सिमेंटची जलवाहिनी, आणि तिच्यातून निघालेल्या अकरा लोखंडी नळजोडण्या थेट गटाराच्या पोटातून दुकानांकडे गेलेल्या. दोन पाईपना गंजून भोकं पडली होती. पुरवठा बंद झाला की वाहिनीतला दाब उतरतो आणि त्या भोकांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. त्या पेठेत दर पावसाळ्यात कावीळ का यायची, ते त्या दिवशी उभ्या उभ्या कळलं.

वाहनं मोजताना माणसंही मोजा. एक साधा दिवस, एक आठवडी बाजाराचा दिवस आणि एक सणाआधीचा शनिवार. सकाळी ८ ते रात्री ९, चौकाचौकांत कॉलेजची मुलं बसवून. किती माणसं चालतात, किती दुचाकी उभ्या राहतात आणि किती वेळ, मालाचे टेम्पो कधी येतात. बाजारपेठेत चालणाऱ्यांची संख्या बहुतेक वेळा वाहनांपेक्षा जास्त निघते. हा आकडा पुढे फुटपाथच्या भांडणात उपयोगी पडतो.

पायरी ३: उंबऱ्यापासून खाली उतरत या

या पायरीवर घाई करू नका. साधारण रस्त्याची पातळी आहे त्या रस्त्यावरून ठरवतात. बाजारपेठेत ती उंबऱ्यावरून ठरवायची.

उदाहरण घेऊ. सगळ्यात खालच्या दुकानाचा उंबरा, एका पक्क्या खुणेच्या हिशेबाने, १००.४५ मीटरवर आहे. फुटपाथ त्याच्यापेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली हवा, म्हणजे १००.३०. फुटपाथची कड रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी, म्हाताऱ्या माणसाला चढता आलं पाहिजे. म्हणून रस्त्याची कड १००.१५. दोन्ही कडांमध्ये ७ मीटर अंतर आणि मधून दोन्हीकडे २ टक्के उतार धरला तर रस्त्याचा मध्य १००.२२ वर येतो. आता खालचे थर: २० सेंटिमीटर काँक्रीट, १० सेंटिमीटर कोरडं दुबळं (कमी सिमेंटचं) काँक्रीट, २० सेंटिमीटर खडी-मुरमाचा निचरा थर. एकूण अर्धा मीटर. म्हणजे खोदाईचा तळ ९९.७२. आजचा रस्ता १००.४० वर असेल तर ६८ सेंटिमीटर खाली जावं लागतं.

सहाशे मीटर लांब आणि सात मीटर रुंद रस्त्यात ही खोदाई सुमारे २,८५० घनमीटर भरते. दहा घनमीटरच्या डंपरच्या पावणेतीनशेहून जास्त खेपा झाल्या, तोही माल फुगल्याचा हिशेब न धरता. हा खर्च मोठा आहे, म्हणूनच तो टाळला जातो आणि आहे त्यावरच काँक्रीट ओतलं जातं. अंदाजपत्रकात 'जुना रस्ता खोदून काढणे व वाहतूक करणे' ही बाब नसेल, तर तो रस्ता दुकानांत पाणी घालणार हे वाचतानाच समजा. व्यापारी संघाने दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, पण ही एक ओळ शोधावी.

एवढं खाली गेलं की जुन्या नळजोडण्या उघड्या पडतातच. म्हणून जलवाहिनी बदलायचं काम रस्त्याच्या आधी घ्यावं लागतं, नंतर घेऊन चालत नाही.

पायरी ४: पावसाचं पाणी मोजा

'दोन्ही बाजूंस ४५ सेंटिमीटर गटार' असं सवयीने लिहिलं जातं. त्यामागे गणित नसतं. गणित सोपं आहे. रस्त्याकडे उतरणारं क्षेत्र, म्हणजे पेठेतले वाडे, छपरं, बोळ धरून, ४ हेक्टर आहे. सगळं बांधीव असल्याने ८० टक्के पाणी वाहून येतं. तासाला ६० मिलिमीटर पाऊस धरला तर ०.८ गुणिले ६० गुणिले ४ भागिले ३६०, म्हणजे सेकंदाला ०.५३ घनमीटर, सुमारे ५३० लिटर. तीनशेला एक उतार असलेलं ४५ बाय ४५ चं गटार जेमतेम १९० लिटर नेतं. दोन्ही बाजू मिळून ३८०. बाकीचं पाणी रस्त्यावर येणार. तेच गटार ६० बाय ६० केलं तर दोन्ही बाजू मिळून साडेसातशे लिटरपर्यंत जातात. तुमच्या गावाची पावसाची तीव्रता हवामान खात्याच्या नोंदींवरून घ्या. कोकणात हा आकडा बराच वर जातो.

गटार जिथे संपतं तिथे स्वतः चालत जा. नाल्याचं तोंड बुजलेलं असेल, किंवा नाल्याची पूरपातळी गटाराच्या तळापेक्षा वर असेल, तर वर कितीही मोठं गटार बांधा, पाणी उलटं फिरेल.

सांडपाणी आणि पावसाचं पाणी वेगळं ठेवा. पाण्याची वाहिनी मलवाहिनीपासून दूर आणि तिच्यापेक्षा उंचावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केबलसाठी रिकामे पाईप टाका, दर तीस मीटरला चेंबर, आणि दोन पाईप जादा. बंगळुरूत सेंट मार्क्स रस्त्यासारख्या रस्त्यांवर 'टेंडर शुअर' नावाने हेच केलं. सगळ्या वाहिन्या आधी खाली नीट लावल्या आणि मग वर रुंद फुटपाथ बांधले. तिथे नवी केबल टाकायला रस्ता फोडावा लागत नाही, चेंबर उघडून ओढली जाते.

पायरी ५: बारा मीटर कोणाला किती

भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी चालण्याची जागा मागतात, व्यापारी भागात २.५ मीटर. 'मोकळी' या शब्दावर बोट ठेवा. खांब, झाड, रोहित्र, पायरी वगळून उरते ती मोकळी.

बारा मीटर रुंदीत मी असं वाटप सुचवतो: दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर फुटपाथ, पाच मीटर एकेरी वाहतूक, आणि दोन मीटरची पट्टी जी कधी दुचाकीतळ, कधी झाड, कधी मालाचा टेम्पो, कधी विक्रेते अशी आलटून पालटून वापरायची. पाच मीटरमध्ये एक गाडी बंद पडली तरी अग्निशमनाचा बंब पुढे जातो. एकेरी करायची तर समांतर रस्ता हवा आणि वाहतूक पोलिसांची अधिसूचना हवी. आधी महिनाभर प्लास्टिकचे खांब उभे करून प्रयोग करा. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांसाठी बंद ठेवला आणि पुढच्या वर्षांत तो उपक्रम चालू राहिला. एका दिवसाच्या प्रयोगाने व्यापाऱ्यांची भीती जेवढी जाते तेवढी दहा बैठकांनी जात नाही.

पथविक्रेत्यांना नकाशात जागा द्या. २०१४ च्या कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समिती असावीच लागते, तिच्यात चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात, आणि हलवण्याआधी तीस दिवसांची नोटीस बंधनकारक आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, भाजीवाल्या मावशी त्या कोपऱ्यावर बसतात कारण गिऱ्हाईक तिथेच येतं. त्यांना मागच्या गल्लीत पाठवलं तर महिन्याभरात त्या नव्या फुटपाथवर परत येतील, आणि मग चालायला जागा उरणार नाही. नकाशात चौकट आखून, पाण्याचा नळ आणि दिवा देऊन तिथेच बसवा.

झाड तोडायचं असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष ठरतात. तोडण्याऐवजी रस्त्याची कड झाडाला वळसा घालू द्या. बुंध्याभोवती निदान एक मीटर माती उघडी ठेवा.

अपंगांसाठी उतार बाराला एक, यात तडजोड नको. व्हीलचेअर चढणार नाही असे तीव्र रॅम्प मी डझनभर पाडायला लावले आहेत.

आणि मंडप. गणपतीत, नवरात्रात मंडळं रस्त्यात खड्डे घेणारच. नवं काँक्रीट फोडलं की दंड, दंड झाला की वाद. त्यापेक्षा डिझाईनच्या वेळीच मंडळांच्या कार्यकर्त्यांना बोलवा, मंडपाच्या खांबांच्या जागा आखून घ्या आणि तिथे काँक्रीटमध्ये झाकणासह लोखंडी नळ्या बसवा. मिरवणुकीच्या मूर्तीची उंचीही विचारा, वरच्या तारा त्याप्रमाणे भूमिगत करा. ज्या मंडळाच्या खांबाची जागा आपण रस्त्यात कोरून ठेवली, ते मंडळ रस्ता आपला मानतं.

पायरी ६: अंदाजपत्रक

दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीतून घ्या, पाणी आणि मलनिःसारणाच्या बाबी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या दरसूचीतून. दरसूचीत नसलेल्या बाबींसाठी तीन कोटेशन आणि दरपृथक्करण, म्हणजे दर कसा आला त्याची फोड. हमखास विसरल्या जाणाऱ्या रकमा अशा: १८ टक्के जीएसटी, १ टक्का कामगार उपकर, महावितरणकडे भरायचं देखरेख शुल्क, नळजोडण्या बदलणं, कामाच्या काळातली पर्यायी वाहतूक आणि पत्र्यांचं कुंपण, चाचण्या, त्रयस्थ तपासणी, भाववाढ. या धरल्या नाहीत तर काम मध्यावर अडतं. आणि अडतं तेव्हा फुटपाथच कापला जातो, कारण तो शेवटी असतो.

म्हणून अंदाजपत्रक सगळ्या थरांचं एकच करा, भाग वेगळे दाखवा. एकाच अहवालाला प्रशासकीय मान्यता घ्या. निविदा टाळण्यासाठी कामाचे तुकडे पाडणं ही अनियमितता आहे आणि लेखापरीक्षणात ती येतेच. मंजूर अहवालातले टप्पे निधीप्रमाणे घेणं मात्र पूर्ण वैध आहे. हा फरक ठरावाच्या भाषेत स्पष्ट लिहा.

पायरी ७: पैसा

एकाच योजनेतून सगळा पैसा मिळेल या आशेवर बसू नका. प्रत्येक थराला त्याचा निधी शोधा.

जमिनीखालच्या कामांसाठी वित्त आयोगाचा निधी पहिला पाहा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी दहा लाखांखालच्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला होता, ४० टक्के मुक्त होता, आणि मुक्त निधीही पगारावर खर्च करता येत नव्हता. बहुतेक परिषदांनी मुक्त भाग रस्त्यावर टाकला आणि बंधित भागाचं काय करायचं म्हणून तो पडून राहिला. तो बंधित पैसा याच रस्त्याखालच्या जलवाहिनीसाठी वापरता आला असता. पुढच्या कुठल्याही आयोगाच्या अटी वाचताना याच नजरेने वाचा. पाणी किंवा मलनिःसारणाची अमृतसारखी मोठी योजना गावात मंजूर असेल, तर बाजारपेठेतला तुकडा तिच्यात सर्वांत आधी करून घ्या. त्यासाठी नवा पैसा लागत नाही, फक्त क्रम बदलावा लागतो.

रस्ता आणि गटारासाठी मुख्य आधार महाराष्ट्र सुवर्णजयंती नगरोत्थान महाभियानाचा. राज्यस्तरावरून मोठे प्रकल्प जातात, जिल्हास्तरावरची लहान कामं जिल्हा नियोजन समितीतून होतात. दोन्हीकडे परिषदेला स्वहिस्सा भरावा लागतो आणि तो परिषदेच्या वर्गाप्रमाणे बदलतो. याशिवाय रस्ता अनुदान आहे, आणि नगरपरिषदांना वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचं विशेष अनुदान आहे. चौक सुशोभन, दिवे, बसायच्या जागा यांसाठी या विशेष अनुदानाचा प्रस्ताव चांगला बसतो. खासदारांना वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, आमदारांचा वेगळा. तो पूर्ण रस्त्याला मागू नका, एखादा नेमका, डोळ्यांना दिसणारा भाग मागा, उदाहरणार्थ एका चौकाचं पूर्ण काम.

प्रत्येक प्रस्तावासोबत 'हे काम अन्य योजनेतून मंजूर नाही' असा दाखला द्यावा लागतो. थर वेगळे, बाबी वेगळ्या, साखळी क्रमांक (रस्त्यावरचे अंतराचे आकडे) वेगळे असतील तर हा दाखला निर्धास्त देता येतो. एकच बाब दोन योजनांत आली तर सही करणारा अडकतो. यासाठी मी एक मोठा तक्ता करायचो. उभ्या रकान्यात बाबी, आडव्या ओळीत योजना, आणि प्रत्येक बाबीपुढे एकच खूण. तो तक्ता फाईलच्या पहिल्या पानावर लावा.

स्वहिस्सा कुठून आणायचा? विकास शुल्क हा पहिला स्रोत. बांधकाम परवानगीतून येणारा हा पैसा विकासकामांसाठीच असतो आणि अनेक परिषदांत तो सर्वसाधारण खर्चात विरघळून जातो. दुसरा, दूरसंचार कंपन्यांकडून आलेलं रस्ता खुदाई शुल्क. तिसरा, परिषदेच्या गाळ्यांचं भाडं. कित्येक ठिकाणी करार संपून वर्षं झालेली असतात आणि भाडं जुन्या दराने चालू असतं. चौथा, मालमत्ता कराची थकबाकी. बाजारपेठेतच थकबाकीदार निघतात. 'रस्ता होणार आहे, तुमची थकबाकी त्याच कामाच्या खात्यात जमा करतो' असं सांगून वेगळं बँक खातं उघडा. पैसा कुठे जातोय ते दिसलं की वसुली वाढते, हा माझा अनुभव आहे. या रस्त्यावरचं पुढचं वाहनतळ शुल्क त्याच रस्त्याच्या देखभालीला बांधून ठेवण्याचा ठरावही आत्ताच करून घ्या.

कर्ज शेवटी. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेमार्फत चालणारा नागरी पायाभूत सुविधा विकास निधी २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मध्यम आणि लहान शहरांसाठी जाहीर झाला. कर्जरोखे हा मोठ्या महापालिकांचा मार्ग आहे. पुण्याने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी उभारले. पिंपरी-चिंचवडने २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित कर्जरोखे काढले आणि ते चालण्या-सायकलींच्या हरित सेतू प्रकल्पासारख्या रस्त्यांच्या कामांसाठी होते. लहान परिषदेला रोखे परवडत नाहीत. पण गुंतवणूकदार जे हिशेब मागतात, म्हणजे लेखापरीक्षित ताळेबंद, वसुलीची टक्केवारी, मालमत्तांची यादी, ते तयार असतील तर कुठलंही अनुदान लवकर सुटतं.

निधी मागायचीही वेळ असते. परिषदेचा अर्थसंकल्प जानेवारी-फेब्रुवारीत ठरतो, तेव्हा स्वहिस्सा त्यात दिसला पाहिजे. जिल्हा नियोजनातली बचत मार्चअखेर पुनर्विनियोजनात निघते. त्या दिवशी ज्याच्याकडे तांत्रिक मंजुरीसह फाईल तयार असते, त्याला पैसा मिळतो.

पायरी ८: निविदा

निविदेत तीन गोष्टी ठामपणे घाला. पहिली, कामाचा क्रम: जलवाहिनीची दाबचाचणी झाल्याशिवाय भराव नाही, गटार नाल्याला जोडल्याशिवाय काँक्रीट नाही. दुसरी, तुकड्यांची लांबी: एका वेळी ऐंशी मीटरपेक्षा जास्त खोदायचं नाही. तिसरी, दोषदायित्वाचा काळ, म्हणजे दोष निघाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा काळ, आणि त्यासाठी रोखून ठेवायची रक्कम. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ मध्ये दहा वर्षांच्या हमीवर बांधला गेला आणि पुढे कित्येक दशकं खड्ड्यांविना टिकला म्हणून गाजला. हमी लेखी असली की खालचे थर मन लावून बांधले जातात.

फार कमी दराची निविदा आली तर आनंद मानू नका. दरपृथक्करण मागा, जादा सुरक्षा ठेव घ्या.

पायरी ९: खोदाईचे महिने

कार्यादेश दिवाळीनंतर लगेच निघावा आणि काँक्रीट एप्रिलअखेर संपावं. त्यासाठी निविदा ऐन पावसाळ्यात काढावी लागते. आचारसंहितेच्या तारखा आधी पाहा. अडचण अशी की कोरडे महिने म्हणजेच लग्नसराई. कापड, भांडी, सराफ यांचा वर्षाचा धंदा तेव्हाच असतो. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेला सराफ कट्ट्यासमोर खड्डा असता कामा नये. म्हणून दुकानांच्या प्रकाराप्रमाणे तुकडे ठरवा: सराफांसमोरचा भाग डिसेंबरात, कृषी अवजारं आणि बी-बियाणांसमोरचा फेब्रुवारीत.

प्रत्येक दुकानासमोर कठड्यासह लोखंडी पत्र्याची साकव-पट्टी हवी. कोणत्या दिवशी कुठलं दार बंद, याचा कागद आठवडाभर आधी दुकानात पोचवा. दवाखान्यासमोरचं काम रात्री. एका माणसाचा मोबाईल क्रमांक फलकावर लिहा, आणि तो माणूस फोन उचलणारा असावा.

पायरी १०: काँक्रीट पडताना

उन्हाळ्यात दुपारी काँक्रीट ओतू नका. खाली प्लास्टिकचा कागद, सांध्यांत डॉवेल सळया (शेजारचे दोन तुकडे जोडणाऱ्या) सरळ आणि समांतर. सांधे साधारण साडेचार मीटरवर, आणि ते त्याच दिवशी-रात्री कापावे लागतात. कापणारा 'उद्या येतो' म्हणाला तर काँक्रीट आपल्या मनाने तडकतं. रात्री दोन वाजता कटरचा आवाज येत असेल तर दुकानावर राहणाऱ्यांनी तक्रार करू नये, तो आवाज रस्त्याच्या भल्याचा आहे. ओलं गोणपाट, मग मातीचे वाफे करून किमान दोन आठवडे पाणी. वाहतूक अठ्ठावीस दिवसांनी. दबाव येतो, उद्घाटनाची तारीख ठरलेली असते. तरी थांबा. क्यूबचे, म्हणजे काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांचे, सात आणि अठ्ठावीस दिवसांचे निकाल हातात आल्याशिवाय बिल लिहू नका. त्रयस्थ तपासणी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून घेतलेली बरी.

प्रत्येक तुकड्यात काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी साच्याची वरची कड आणि उंबरा यांतला फरक स्वतः टेपने मोजा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

पायरी ११: पहिल्या पावसात

काम संपलं की प्रत्यक्षात झालं तसा नकाशा घ्या, त्यात वाहिन्यांची खोली आणि भिंतीपासूनचं अंतर लिहिलेलं हवं. एक प्रत बांधकाम विभागात, एक पाणीपुरवठ्यात, एक महावितरणला. पाच वर्षं रस्ता न फोडण्याचा ठराव करा आणि त्याआधी सगळ्या कंपन्यांना तीन महिन्यांची नोटीस देऊन 'काय टाकायचं ते आत्ता टाका' सांगा.

अंतिम बिल पहिल्या मोठ्या पावसापर्यंत थांबवा. त्या दिवशी छत्री आणि खडू घेऊन रस्ता वरपासून खालपर्यंत चाला. पाणी जिथे साचलं आहे तिथे कडेला खूण करा, कुठली जाळी पाणी ओढत नाही ते लिहा, गटाराच्या शेवटच्या तोंडापर्यंत जा. मग मागे फिरा आणि सगळ्यात खालच्या उंबऱ्याच्या दुकानात जाऊन बसा. दुकानदाराला विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं.